उदाराम कुठं गेला

रुख्मा सौंदडची. माहेर तिथलंच, सासरही तिथलंच, दोन्ही घरं कोहळी जातीची. तिचा नवरा बकाराम बोडी, म्हणजे शेताला पाणी देणारं लहान तळं, बांधणारा. सालेकशाकडच्या एका मालगुजारानं त्याला बोलावून घेतलं, जंगलाला लागून पडीक जमीन दाखवली आणि सांगितलं, "पानी अडव, बांध्या काढ, धान पिकव. जमीन तुझी." भावाच्या घरात बकारामाच्या वाट्याला फार काही येणार नव्हतं. त्यानं बायको आणि तान्हं पोर बैलगाडीत घातलं आणि साजाटोल्याला येऊन राहिला.

टोल्यावर, त्या लहानशा वस्तीत, सगळी घरं गोंडांची. कोहळ्याचं हे एकच. रुख्माचं पहिलं वर्ष धास्तीतच गेलं. शेजारी सुकवारो राहायची, तिच्याच वयाची, तिच्याही कडेवर तान्हा मुलगा. सुकवारोचा नवरा लाकूडकामाला गेला तो झाडाखाली सापडून मेला होता. घरात ती, तिचा मंगलू आणि म्हातारा सासरा मनिराम. टोल्यावरच्या देवाधर्माचं सगळं मनिरामच बघायचा.

एकदा पावसाळ्यात रुख्माच्या चुलीतला विस्तव विझला. ती सुकवारोकडे मागायला गेली. चुलीमागे कोपऱ्यात एक लहानसं मडकं होतं. तोंडाशी तांदळाचे दाणे, वर हळदीचं बोट.

"हे काय होय वो?" रुख्मानं विचारलं.

"आमची सासू," सुकवारो म्हणाली.

"सासू?"

"मागच्या साली मेली नाई का. मंग आनली घरी."

बाजारातून मीठ आणलं असं सांगावं तसं तिनं सांगितलं. रुख्मानं खापरीतला विस्तव घेतला, पण घरी पोचल्यावर तो अंगणातच टाकून दिला आणि गारगोटी घासून नवा पेटवला. तिचा बाप मेला तेव्हा ती नऊ-दहा वर्षांची होती. पुरुष मसणातून परतले तेव्हा वाटेत बोरीचा काटा आडवा टाकला होता, गेलेल्यानं मागं येऊ नये म्हणून. दहाव्याला कावळा शिवला तेव्हा आई रडता रडता हसली होती, 'सुटला' म्हणाली होती. मेलेल्या माणसाला नीट वाटेला लावायचं, हे शेवटचं प्रेम. परत येतं ते माणूस नसतं, भूत असतं. आणि इथं ही माणसं मेलेल्याला हातानं घरात आणून चुलीपाशी ठेवत होती.

बकारामाला तिनं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आपन त्यांचं पानी पेत नाई ना? मंग झालं तं. त्यांचं त्यांच्यापाशी."

पण वाढत्या पोराला, उदारामाला, हे कोण सांगणार? तो आणि मंगलू चालायला लागल्यापासून एकत्र. बोडीत म्हशीच्या पाठीवर एकत्र, मोहफुलं वेचायला एकत्र. एकदा उदा घरी येऊन म्हणाला, "माय, मंगलूची आजी घरातच रायते. मंगलू तिले सांगते, आज कोनता मासा धरला ते." रुख्मानं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि त्याला आंघोळ घातली. तो रडला नाही. "आपली आजी कुठं रायते मंग?" एवढंच विचारलं. रुख्मा म्हणाली, "आपली आजी देवाघरी गेली." "लांब हाय का?" "लांब हाय."

उदा बारा वर्षांचा झाला त्या साली दसरा झाला आणि मानमोडीचा ताप आला. आगगाडीच्या टेसनावरून तो आला असं लोक म्हणत. आधी सालेकशात माणसं मरू लागली, मग टोल्याटोल्यानं. धान पिवळं पडून उभं होतं आणि कापायला कोणी उठत नव्हतं. बकाराम पडला, दुसऱ्या दिवशी रुख्मा पडली. तापात तिला एवढं आठवतं की उदा तिच्या तोंडाला पाण्याचा गडवा लावत होता. मग ते पाणी लावणारे हात थांबले. ते कधी थांबले हे तिला कळलं नाही.

शुद्धीवर आली तेव्हा सुकवारो तिच्या उशाशी पेज घेऊन बसली होती. सुकवारोचे डोळे सुजलेले होते. रुख्मानं पेज कोणाच्या हातची हे पाहिलं नाही, प्याली. मग विचारलं, "उदा?"

सुकवारोनं पेजेचं भांडं खाली ठेवलं. मग म्हणाली, "दोघंबी गेले वो. एकाच दिवशी. सकारी मंगलू, उनं डोक्यावर आल्यावर तुहा."

बकाराम भिंतीला टेकून बसला होता. त्याला आदल्या दिवशीच शुद्ध आली होती, त्याला सगळं ठाऊक होतं. तो रुख्माकडे पाहत नव्हता. शेवटी म्हणाला, "त्याईनं त्याले पुरलं. जाळलं नाही."

कोहळ्यांतही लहान लेकराला पुरतात, पण उदा बारा वर्षांचा होता. नांगरामागे चालत होता. अशा पोराला अग्नी द्यायचा असतो आणि तो बापानं द्यायचा असतो.

मनिराम दारात येऊन उभा राहिला. ताप त्यालाही येऊन गेला होता, काठीशिवाय चालवत नव्हतं.

"जाळलं काऊन नाही, बाबा?" बकारामानं विचारलं. आवाजात राग आणायचा त्याचा प्रयत्न होता, पण जमलं नाही.

"लाकडं तोडाले कोनाच्या हातात जोर होता, गा? मी अन् दोन बाया. त्या दिवशी टोल्यावर पाच मेले. तू इथं बेसुध पडला होता. मी तुले हालवलं, लय हालवलं." म्हातारा थांबला. "मोहाच्या झाडाखाली मंगलूच्या बाजूले ठेवला. पाय उत्तरेले केले. दोघाले एक एक लुगडं घातलं."

बकाराम उठला आणि त्यानं मनिरामाचे पाय धरले. मग तसाच बसून राहिला. उपकार मानावेत तर पोराची गती गेली, आणि दोष द्यावा तर कोणाला.

हिंडायचं बळ आल्यावर दोघं गाडीनं सौंदडला गेले. बकारामाचा थोरला भाऊ चैतराम, त्याच्या घरातली दोन माणसंही गेली होती. तळ्याच्या पाळीखाली सगळ्यांचे पिंड एकदमच मांडले. चैतरामाच्या घरच्यांच्या पिंडांना कावळे पटापट शिवले. उदारामच्या पिंडावर एकही उतरेना. चैतराम हात जोडून म्हणाला, "पोरा, तुह्या मायबापाले आमी सांभाळू." कावळा आला नाही. बकाराम म्हणाला, "तुही पांढरी बकरी इकनार नाही." आला नाही. रुख्मा दूर बायांत बसली होती. तिला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं की अरे तो इथं नाहीच, तो तिकडे साजाटोल्याला मोहाखाली आहे, तो इथल्या कावळ्यांत कसा येईल? पण बायांनी तिथं बोलायचं नसतं. उन्हं कलली तेव्हा विधी सांगणाऱ्या महाराजांनी दर्भाचा कावळा केला आणि पिंडाला टेकवला.

"अग्नी नाही, म्हणून गती नाही," महाराज म्हणाले. "प्रेत उकरून जाळा. नाहीतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्या. तोवर तो अधांतरीच."

उकरायचं बकारामाच्यानं होणार नव्हतं. पुतळा करायचा ठरला, धान निघाल्यावर, माघात.

साजाटोल्याला परत आल्यावर रुख्मा रोज मोहाखाली जायची. दोन ढिगारे शेजारी शेजारी, वर दगड रचलेले. ती बसायची आणि महाराजांचा तो शब्द आठवायची. अधांतरी. सुकवारो कधी यायची, कधी नाही. तिचं मन इथं नव्हतं, ती कशाची तरी वाट पाहत होती. "मंगलू अजून घरी आला नाही," एकदा ती म्हणाली, "बुढा म्हनते, धान होऊ दे, मंग आनू."

माघ लागायच्या आधीच एका सकाळी ढोल वाजला. रुख्मा बोडीच्या पाळीवर होती. टोल्यावरची माणसं रांगेनं नाल्याकडे चालली होती, पुढे मनिराम. ज्यांच्या घरात मरण झालं त्यांच्या हातात नवी मडकी. रुख्मा मागं मागं गेली आणि जांभळीच्या आडोशाला उभी राहिली. कोणी तिला हटकलं नाही.

मनिराम गुडघाभर पाण्यात उतरला आणि एकेकाचं नाव घेऊन हाका मारू लागला. गोंडी भाषा रुख्माला एव्हाना थोडीफार कळत होती. तो म्हणत होता, घरी ये. धान झालं, घरी ये. तुझी माणसं न्यायला आली आहेत. मंगलूचं नाव आलं तेव्हा सुकवारोनं पदर पाण्यात पसरला. ती वाकून तशीच राहिली, बराच वेळ. मग तिनं पदर उचलला. त्यात बोटभर मासोळी चमकत होती.

सुकवारो ओरडली नाही, रडली नाही. मासोळी तिनं मडक्यात सोडली, मडकं छातीशी धरलं आणि घराकडे चालू लागली. रुख्माच्या जवळून गेली तेव्हा ती बोलत होती. मडक्याशीच बोलत होती.

"बकरी व्याली रे. दोन पाठी झाल्या. एक अगदीच तुह्यासारखी उंडगी. आजोबाचा खोकला कमी हाय आता. इथं चिखल हाय, हळू जाऊ आपन."

रुख्मा झाडाला धरून उभी राहिली. इतकी वर्षं जे तिला ओंगळ वाटलं होतं, ते हे होतं. आईनं पोराला वाट सांगत घरी नेणं. तिच्या बापाच्या वाटेत त्यांनी काटा टाकला होता. ते प्रेमच होतं, हे ती जाणून होती. पण हेही प्रेमच होतं, आणि इतकी वर्षं शेजारी राहून तिला ते दिसलं नव्हतं. उदाला मात्र दिसलं होतं, आणि त्याबद्दल त्याला धपाटा मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी ती मनिरामाकडे गेली. म्हातारा अंगणात दोर वळत होता. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"बाबा, माह्या उदाले बी बोलवा."

मनिरामाचा हात थांबला. सुकवारो दारात आली.

"बोलवा ना, बाबा," सुकवारोही म्हणाली. "तो आपल्याच घरी तं खात होता."

मनिरामानं दोर खाली ठेवला. "बाई, मले नाई म्हनाची हौस नाही. पन मी कोनाले सांगू? आमचा मेला तं आमच्या पेनाकडं जाते. तो आमच्या कुळाचा देव. तो मानसाले वळखते, वाट दावते, तवा मानूस घरी येते. तुह्या पोट्ट्याले आमचा पेन वळखत नाही. तुमचे देव वेगळे, तुमची वाट वेगळी."

"पन तुमीच तं त्याले तुमच्या मातीत ठेवलं!"

"ठेवलं. कोल्हे नेतीन म्हनून ठेवलं. मानसाचं लेकरू म्हनून ठेवलं. आमचं म्हनून नाही ठेवलं, बाई. तसं मले ठेवता येत नाही."

"हाक मारून तं पाहा."

"अन् भलताच कोनी आला तं?"

"जो येईन त्याले मी घरी नेईन."

"असं बोलू नोको," मनिराम घाबरून म्हणाला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मी खोटी हाक नाई मारू शकत. माह्या हाकेवर साऱ्या टोल्याचे मेलेले येतात."

रुख्मा उठली. म्हाताऱ्यावर तिला रागावताही येईना. महाराज खोटं बोलत नव्हते, हाही खोटं बोलत नव्हता.

बकाराम सालेकशाला गेला होता त्या दिवशी ती एकटीच नाल्यावर गेली. मनिराम उतरला होता तिथंच पाण्यात उतरली. "उदा," तिनं हाक मारली, "उदाराम, घरी ये." आपलाच आवाज तिला परका वाटला. पदर पसरला. पदरात पाला आला. पुन्हा पसरला, पुन्हा पालाच. पाय गारठून गेले. शेवटी एक लहानसा झिंगा अडकला, काचेसारखा, आरपार दिसणारा. तो गडव्यात घालून ती निघाली.

वाटेत बोलायचं असतं हे तिला माहीत होतं. तिनं तोंड उघडलं. काय बोलावं ते सुचेना. सुकवारोला कोणी शिकवलं नव्हतं, तिनं तिच्या आईला, आजीला बोलताना ऐकलं होतं. रुख्मानं मेलेल्याशी बोलताना कोणाला ऐकलं नव्हतं. ती घरापर्यंत मुकाट आली आणि गडवा चुलीमागे ठेवला.

बकाराम आला, पाणी प्यायला गडव्याकडे हात नेला आणि आत पाहून थबकला.

"हे काय होय?"

"उदा," ती म्हणाली.

बकारामाचं तोंड पांढरं पडलं. ती मार खायच्या तयारीनं बसली होती, पण तो मटकन खालीच बसला.

"काय केलं वो तू हे? आधीच अधांतरी हाय तो. त्याले हाक मारली, मागं ओढलं? आता तो कुठं जाईन? नाल्यानाल्यानं भूत होऊन फिरन ना माहा पोट्टा!" तो लहान मुलासारखा रडू लागला. "त्याले तहान लागन, अन् कोनी पानी देनार नाही."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तो तिच्यावर रागावला नव्हता, पोरासाठी भ्याला होता. आणि त्याची भीती तिच्याही आत तशीच्या तशी होती. जन्मभर मुरलेली. एका सकाळी नाल्यावर जे समजलं त्यानं ती धुतली गेली नव्हती. त्यानं गडवा उचलला, बोडीवर नेला आणि पाण्यात उपडा केला. तिनं त्याला अडवलं नाही.

माघात चैतराम आला, महाराज आले. वाघ नदीच्या वाळूत पळसाच्या पानांचं शरीर मांडलं. डोक्याच्या जागी नारळ, अंगावर पिठाचा लेप, वर उदारामचं धोतर. बायांनी यायचं नव्हतं, तरी रुख्मा आली आणि काठावर बसली. बकारामानं अग्नी दिला. कोरडी पानं भसकन पेटली. हे जळावं आणि उदा सुटावा, असं तिला वाटत होतं. हे जळू नये, कोणीतरी त्यावर पाणी ओतावं आणि तो मोहाखालीच राहावा, असंही वाटत होतं. दोन्ही तितक्याच जोरानं. पानं होती ती. पाहता पाहता संपली.

"झालं," चैतराम बकारामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "सुटला पोरगा."

त्यानंतर रुख्मा सुकवारोच्या घरचं पाणी पिऊ लागली. ठरवून नाही. एकदा तहान लागली आणि प्याली. सौंदडला ते कळलं आणि चैतरामाकडून लग्नकार्याची बोलावणी बंद झाली. बकाराम तिला काही म्हणाला नाही.

पुढच्या साली नवं धान आलं. नवं खायच्या दिवशी सुकवारोनं तिला बोलावलं. मडक्यापुढे नव्या तांदळाचा भात वाढला होता. सुकवारो मंगलूशी बोलली, धानाची कुठली बांधी चांगली पिकली, कोणाचं लग्न ठरलं. मग रुख्माकडे वळून म्हणाली, "तू बी बोल ना वो. उदाले काही सांगाचं असन तं मंगलूपाशी सांग. तो सांगन त्याले."

रुख्मा पुढे सरकली. या वेळी शब्द आले. "मंगलू बाबू," ती म्हणाली, "उदाले सांगजो, म्हैस..." आणि थांबली.

"सांग ना."

"मंगलू तं घरी हाय," रुख्मा हळूच म्हणाली. "तुह्यापाशी. उदा जिथं गेला तिथं मंगलू कुठं हाय? तो सांगन कसा?"

सुकवारोनं हा विचार केला नव्हता. भात निवत होता. मोहाखाली ते दोघं शेजारी शेजारी होते, पण एक घरी आला होता, दुसऱ्याला वाटेला लावलं होतं. आता त्यांची कुठंच गाठ पडणार नव्हती. सुकवारोनं रुख्माचा हात धरला आणि दोघी चुलीपाशी बसून राहिल्या. मनिराम बाहेर खोकत होता. त्यालाही विचारण्यात अर्थ नव्हता.

घरी आली तेव्हा बकाराम ओसरीवर विळ्याला धार लावत होता. ती त्याच्याजवळ बसली. वर्षभरात त्यांनी पोराचं नाव घेतलं नव्हतं.

"तुमाले काय वाटते?" तिनं विचारलं. "पोचला असन का तो?"

बकारामानं विळा बाजूला ठेवला. "पुतळा जळला तवा मले वाटलं होतं, आता छाती हलकी होईन. माहे बाबा गेले तवा झाली होती. मी वाट पाह्यली. आज होईन, उद्या होईन." तो समोर बांध्यांकडे पाहत होता. "काहीच झालं नाही, रुख्मा. मी पानं जाळली. मले एवढंच दिसते."

"हे सांगतलं काऊन नाही मले?"

"कायले सांगू? तुले वाटत असन तो पोचला, तं तेवढं तरी राहू द्यावं म्हटलं."

"मले नव्हतं वाटत," ती म्हणाली.

त्यानं मान हलवली. थोड्या वेळानं तो उठला, विळा घेतला आणि उरलेली बांधी कापायला गेला. ती त्याच्या मागं गेली, कारण पेंढ्या बांधायला दुसरं कोणी नव्हतं.